हळदीच्या मुलखात ताटाचा हिशेब

घरात कुणाचे गुडघे दुखू लागले की पहिला सल्ला ठरलेला असतो: रात्री हळदीचं दूध घे, सूज उतरेल. हा सल्ला आता आजीपुरता राहिलेला नाही. औषधाच्या दुकानातल्या कॅप्सूलच्या डबीवर तो छापलेला असतो, मोबाइलवर रोज सकाळी येतो, आणि दाह कमी करणाऱ्या पदार्थांच्या कुठल्याही यादीत पहिला मान हळदीला मिळतो. हिंगोली जिल्ह्यात या समजाला अभिमानाचीही जोड आहे. वसमतच्या मोंढ्यात हळदीचा मोठा बाजार भरतो, वसमतला हळद संशोधन केंद्र उभं राहतंय, आणि २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. औषध आपल्याच मातीत पिकतंय, मग काळजी कशाची, असं वाटणं साहजिक आहे.

हा समज मला उथळ वाटतो, आणि उथळ असल्यामुळे घातकही. शरीरात वर्षानुवर्षं धुमसणारा दाह कुठला एक पदार्थ विझवत नाही आणि कुठला एक पदार्थ पेटवतही नाही. तो रोजच्या सगळ्या ताटावर ठरतो. ते ताट पुन्हा शेतात काय पेरलं, रेशनवर काय मिळालं आणि किराणा दुकानात काय स्वस्त आहे यावर ठरतं. आपण हळदीबद्दल बोलत राहतो आणि ताटाबद्दल बोलायचं राहून जातं. म्हणून हे हळदीच्या मुलखातच आधी बोललं पाहिजे.

१. दोन दाह, एकच शब्द

पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. हा दाह शरीराचा मित्र आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून जातात, जंतूंशी लढतात, मोडतोड साफ करतात आणि काम संपलं की माघारी फिरतात. चार-आठ दिवसांचा हा मामला.

दुसऱ्या दाहात यातलं काहीच दिसत नाही. लाली नाही, ठणका नाही, ताप नाही. शरीराची तीच यंत्रणा मंद आचेवर कायम चालू राहते. तिचा सुगावा लागतो तो रक्तातल्या 'सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन' या प्रथिनावरून. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं. ते यकृतात तयार होतं. अंगात मोठा जंतुसंसर्ग असेल तर त्याचं प्रमाण लिटरमागे शंभर मिलिग्रॅमच्याही वर जातं. पण हृदयविकाराचा धोका जोखताना डॉक्टर फार लहान आकडे पाहतात: १ मिलिग्रॅमच्या खाली धोका कमी, ३ च्या वर जास्त. वर्षानुवर्षं हा आकडा तीन-चारवर रेंगाळत असेल तर रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होत राहते, इन्सुलिनचं काम अडतं, मधुमेहाची वाट मोकळी होते.

हळदीच्या बाबतीत सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. मुरगळलेल्या पायावर गरम हळदीचा लेप किंवा कापलेल्या बोटावर हळदीची चिमूट हा पहिल्या दाहावरचा, तोही बाहेरून केलेला उपाय आहे. तिथे मिळालेलं नाव आपण काही न तपासता दुसऱ्या दाहालाही लावून टाकलं.

२. पेटंटची लढाई आपण नेमकी कशासाठी जिंकलो

हळद आणि विज्ञान म्हटलं की मराठी माणसाला डॉ. रघुनाथ माशेलकर आठवतात, आणि ते योग्यच आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) त्याला आव्हान दिलं. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ च्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक लेख धरून बत्तीस संदर्भ पुढे ठेवले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं.

ही लढाई ज्ञान कुणाचं, याची होती. हे आम्हाला आधीपासून माहीत आहे, म्हणून त्यात नवं काही नाही, एवढंच तिथे सिद्ध करायचं होतं, आणि ते झालं. हळद किती खाल्ल्यावर शरीरातल्या कोणत्या दाहावर किती उतारा पडतो, हा प्रश्न त्या निकालात कुठेच नव्हता. तरी आज कित्येक भाषणांत त्या विजयाचा दाखला हळदीच्या गुणांचा पुरावा म्हणून दिला जातो. मालकी सिद्ध झाली म्हणजे गुण सिद्ध झाला, असं होत नाही.

३. चिमटीचा हिशेब

चार माणसांच्या घरात महिन्याला दोनशे ग्रॅम हळद लागते असं धरू. म्हणजे माणशी दिवसाला पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. हळदीतलं ज्याचं एवढं नाव आहे ते कर्क्युमिन साधारण तीन ते पाच टक्के असतं. म्हणजे दिवसाला पन्नास ते ऐंशी मिलिग्रॅम पोटात जातं. त्यातलंही रक्तात उतरतं ते अगदी नगण्य, कारण कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून नीट शोषलं जात नाही, आणि जे शोषलं जातं त्याचा यकृत लगेच निकाल लावतं.

यावर मिरीचं उदाहरण हटकून पुढे येतं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात झालेल्या प्रयोगात मिरीतल्या पायपेरिनने कर्क्युमिनचं शोषण कित्येक पटींनी वाढलं, हे खरं आहे. पण त्या प्रयोगात माणसांना दोन ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलं होतं. तेवढं मिळवायचं तर एका वेळी चाळीस ते पासष्ट ग्रॅम हळद खावी लागेल. वरणाच्या फोडणीत आपण टाकतो ती चिमूट.

२०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात कर्क्युमिनवरच्या संशोधनाचा सविस्तर आढावा आला. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना हे रसायन कसं चकवतं, जवळपास प्रत्येक चाचणीत ते गुणकारी असल्याचा आभास कसा होतो, हे त्यात मांडलं होतं. कसून घेतलेल्या मानवी चाचण्यांत त्याला खात्रीचं यश मिळालेलं नाही, असाही त्याचा निष्कर्ष होता. दुसरी बाजूही सांगतो. थायलंडमध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या ३६७ रुग्णांवर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हळदीचा अर्क आयबुप्रोफेनच्या तोडीला उतरला. पण तो अर्क होता, दिवसाला दीड ग्रॅम, आणि मोजमाप होतं दुखण्याचं. अशा मात्रेत हळद औषध होते आणि औषधाचे धोकेही तिला चिकटतात. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या गोळ्या घेणाऱ्या कित्येकांच्या यकृताला सूज आल्याची नोंद आहे.

स्वयंपाकातली हळद खुशाल वापरावी. चवीला हवी, रंगाला हवी, आणि तिच्यावर इथल्या हजारो घरांचं पोट आहे. तिच्यावर दाह विझवण्याची जबाबदारी मात्र टाकू नये.

४. ताटातून काय गेलं

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात आणि त्यांचं अन्न म्हणजे आपल्याला न पचणारे तंतू, म्हणजे चोथा. तो खाऊन ते ब्युटिरेटसारखी लहान आम्लं बनवतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी याच ब्युटिरेटवर जगतात, आणि प्रतिकारशक्तीच्या ज्या पेशी 'आता पुरे, शांत व्हा' असा निरोप देतात त्यांनाही ते बळ देतं. चोथा मिळाला नाही तर यातले काही जिवाणू अस्तरावरचा चिकट थरच खाऊ लागतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. तो थर पातळ झाला की जिवाणूंचे अंश रक्तापर्यंत पोहोचायला वाव मिळतो आणि शरीर कायम सावध, कायम तापलेलं राहतं. आहार आणि मंद दाह यांना जोडणारा सगळ्यात भक्कम दुवा मला हाच वाटतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅमच्या वर तंतू आहेत. पॉलिश केलेल्या तांदळात तीनच्याही आत, मैद्यातही तेवढेच. गव्हाच्या न चाळलेल्या पिठात ज्वारीहून थोडे जास्तच आहेत. म्हणून चपातीला दोष देऊन ज्वारीचे पोवाडे गाणाऱ्यांशी मी सहमत नाही. तंतूंच्या हिशेबात तोटा झाला आहे तो पांढरा भात, मैदा आणि बिस्किटांमुळे.

ज्वारीचं महत्त्व मला वेगळ्या कारणासाठी वाटतं. भाकरी ताटात एकटी येत नाही. ती कोरडी, ती नुसती घशाखाली उतरत नाही. तिला वरण लागतं, अंबाडीची भाजी लागते, जवसाची किंवा कारळाची चटणी लागते, बुक्कीने फोडलेला कांदा लागतो. भाकरी गेली की हे सगळं गोतावळ्यासकट जातं. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-तीन स्निग्धाम्ल असतं. दाह आवरणारी द्रव्यं शरीर ज्या घराण्यातल्या स्निग्धाम्लांपासून बनवतं त्यातलंच हे एक. आज चाळिशीतल्या कित्येकांना जवसाचं झाड दाखवलं तर ओळखता येणार नाही.

हे का गेलं? कुणाची चव बिघडली म्हणून गेलं नाही. खरिपाची ज्वारी मोडली आणि तिथे सोयाबीन आलं, कारण सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या तोंडावर हातात येतो आणि ज्वारीची काढणी, खुडणी, मळणी परवडत नाही. सोयाबीनसोबत तणनाशक आलं. घोळ, चिवळ, पाथरी, तरोटा यांना कृषी खात्याच्या पुस्तकात तण म्हणतात. खुरपणीला गेलेली बाई मात्र संध्याकाळी ओटीत तीच भाजी घेऊन यायची. फवारणीच्या एका पंपात पिकाचा शत्रू मेला आणि संध्याकाळची पालेभाजीही मेली. ती भाजी कधी विकत घेतली जात नव्हती, त्यामुळे ती गेल्याची नोंद कुठल्याच खर्चाच्या वहीत नाही.

५. ताटात काय आलं

जे आलं ते बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. चहाचे दिवसाला पाच-सहा कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर. आयात पामतेलाची पिशवी. स्टँडवरच्या कढईतलं सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच तेल. तळणीचं तेल किती खराब झालं की टाकून द्यायचं याची मर्यादा २०१८ पासून कायद्यात आहे, कढईपर्यंत ती पोहोचलेली नाही. वनस्पती तुपातल्या ट्रान्स स्निग्धाम्लांनी दाह वाढतो याचे पुरावे पक्के आहेत, आणि २०२२ पासून त्यांची मर्यादा दोन टक्क्यांवर आली हे चांगलं झालं.

एका नव्या भीतीबद्दल मात्र सावध करायला हवं. बियांच्या तेलातल्या ओमेगा-सहामुळे दाह होतो, असं आता ऐकू येतं. करडईच्या तेलात तेच मुबलक असतं, आणि करडई तर मराठवाड्याचं जुनं तेल. माणसांवरच्या नियंत्रित चाचण्या एकत्र पाहिल्या तर या स्निग्धाम्लाने दाहाच्या खुणा वाढलेल्या दिसत नाहीत. एकाच पदार्थाला खलनायक करणं ही हळदीला नायक करण्याचीच दुसरी बाजू आहे.

६. बारीक माणसाला कसला आलाय दाह?

हा प्रश्न गावात हमखास विचारला जातो. पोट सुटलेल्या शहरी माणसाचा हा आजार, आमच्या काटक माणसाला त्याचं काय? याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच्या शरीरावरून दिलं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी आपापले आकडे शेजारी शेजारी छापले. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं अगदी सारखं, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

आपली चरबी अंगावर दिसत नाही, ती पोटाच्या आत आतड्यांभोवती साठते. ही चरबी निष्क्रिय साठा नसते. दाह पेटवणारी रसायनं ती स्वतः रक्तात सोडते. याज्ञिकांच्याच गटाने पुणे परिसरातल्या खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय पुरुष तपासले, तेव्हा खेड्यापासून शहरी मध्यमवर्गाकडे जाताना चरबीही वाढत गेली आणि दाहाच्या खुणाही. बदललेलं ताट जसजसं गावात पोहोचतंय तसतशी ही शिडी गावही चढणार. काटक दिसण्यावर विसंबून राहता येणार नाही.

७. सगळं ताट बदललं तर काय होतं

माझ्या म्हणण्याचा मुख्य आधार टोरोंटोतल्या एका प्रयोगात आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात डॉ. डेव्हिड जेन्किन्स यांनी कोलेस्टेरॉल वाढलेल्या ४६ माणसांचे तीन गट केले. एकाला कमी चरबीचा नेहमीचा पथ्याहार, दुसऱ्याला तोच आहार आणि सोबत स्टॅटिनची गोळी, तिसऱ्याला अनेक गुणकारी पदार्थ एकत्र आणणारा आहार. महिन्याभरात सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन पहिल्या गटात १० टक्क्यांनी, गोळीच्या गटात ३३ टक्क्यांनी, आणि केवळ आहार बदललेल्या तिसऱ्या गटात २८ टक्क्यांनी उतरलं. गट लहान होते आणि अन्न पुरवलेलं होतं, हे लक्षात ठेवूनही औषधाच्या इतक्या जवळ पोहोचलेला हा आकडा थक्क करतो.

त्या ताटात होतं काय? सोयाबीनची प्रथिनं. बदाम. वनस्पतींतली स्टेरॉल घातलेलं मार्गरिन. आणि चिकट तंतूंसाठी ओट, बार्ली, इसबगोल, भेंडी आणि वांगी. एकेकट्या पदार्थाचा परिणाम थोडा थोडाच होता, एकत्र आल्यावर तो गोळीच्या जवळ गेला.

ही यादी वाचताना माझ्या डोळ्यांसमोर जिल्ह्यातल्या सेनगाव आणि कळमनुरीची शेतं येतात. भेंडी आपली, वांगी आपली. बदामाच्या जागी शेंगदाणे ठेवता येतील. आणि सोयाबीन? खरिपात नजर जाईल तिथवर सोयाबीन. पोती मोंढ्यात जातात, तिथून तेलगिरणीत, आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात किंवा जहाजात. गावात राहतो तो दळणात मिसळलेला मूठभर दाणा, तोही एखाद्या घरात. सोयाबीन नीट शिजवून किंवा भाजूनच खावं लागतं, कारण कच्च्या दाण्यातलं एक द्रव्य प्रथिनं पचू देत नाही. पण ही कृती काही अवघड नाही. कॅनडातल्या डॉक्टराने जे अन्न रुग्णाला मोजून दिलं ते आपण क्विंटलने पिकवतो आणि ताटात वाढत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

८. तीन आक्षेप

*पूर्वज हळद खात होते आणि धडधाकट होते.* स्वातंत्र्याच्या वेळी भारतीयाचं सरासरी आयुर्मान जेमतेम बत्तीस वर्षं होतं. जुन्या ताटात जे चांगलं होतं ते घ्यावं, जुना काळ चांगला होता असं म्हणण्याची गरज नाही. आणि आयुर्वेदाचा दाखला द्यायचाच तर पुरता द्यावा. त्यात औषधाइतकंच पथ्याला स्थान आहे. आपण औषध उचललं आणि पथ्य सोडलं.

*शास्त्रज्ञांच्याच आहार-दाह निर्देशांकात हळद आहे.* आहे, आणि हा आक्षेप वजनदार आहे. साउथ कॅरोलायना विद्यापीठात तयार झालेल्या या निर्देशांकात पंचेचाळीस घटक आहेत आणि दाह उतरवण्यात हळदीला तंतूंपेक्षाही जास्त गुण दिले आहेत. पण हे गुण आधीच्या शोधनिबंधांवरून ठरले, आणि त्यात पेशींवरचे व प्राण्यांवरचे प्रयोगही मोजले आहेत. तिथल्या मात्रा स्वयंपाकघराच्या नसतात. शिवाय तोच निर्देशांक सांगतो की गुणांची बेरीज सगळ्या आहाराची करायची. त्यातला एक घटक काढून मिरवणं म्हणजे निर्देशांकाचा अर्थच सोडून देणं.

*गरिबाला निवड कुठे आहे?* हा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो. गरिबाच्या घरी दाह दोन वाटांनी येतो: एक आताच्या ताटातून आणि दुसरी, जुनी, घाण पाणी आणि वारंवारच्या जंतुसंसर्गातून. शरीरात दाह असला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते आतड्यातून लोह आत येऊ देत नाही. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसलं. त्याला कारणं अनेक आहेत, पोटात लोहच कमी जाणं हे त्यातलं मोठं. पण दाह तसाच राहिला तर लोहाच्या गोळीचा काही भाग वाया जातो, हेही तितकंच खरं. हळद काढणीच्या दिवसांत ती शिजवायच्या कुकरच्या वाफेत उभी राहून हळकुंडं ओतणारी, मग ताडपत्रीवर ती पसरणारी बाई पहाटे चहा-बटर खाऊन घरातून निघालेली असते. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे असतात. त्या हळदीने तिच्या रक्तातला दाह उतरला असता तर हा सगळा लेख लिहायचं कारणच उरलं नसतं.

९. मागणी कशाची करायची

तिला जवस खा, भाकरी खा असा उपदेश करून उपयोग नाही. तिचं धान्य रेशनच्या दुकानातून येतं: माणशी महिन्याला पाच किलो, गहू आणि तांदूळ, २०२३ पासून मोफत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात मात्र तीन धान्यं लिहिली आहेत. तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो. म्हणजे ज्वारीचा हक्क कायद्यात पहिल्या दिवसापासून आहे. ती देण्यासाठी नवा कायदा लागत नाही, ज्वारीची खरेदी लागते आणि पोती वेळेवर दुकानात पोहोचावी लागतात.

बियाणंही शेजारीच आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठातून २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' नावाचं लोह आणि जस्त जास्त असलेलं ज्वारीचं वाण बाहेर आलं. हिंगोली जिल्हा १९९९ पर्यंत परभणीचाच भाग होता. ही ज्वारी इथे पिकवून इथल्याच रेशनवर, अंगणवाडीत आणि शाळेच्या खिचडीशेजारी आली पाहिजे. शेतकऱ्याला सोयाबीनइतका भरवसा ज्वारीत वाटायचा असेल तर हमीभावाने खरेदी करणारं केंद्र तालुक्याला हवं, काढणीला यंत्र हवं. हळदीसाठी आपण संशोधन केंद्र मागितलं, मानांकन मागितलं, आणि दोन्ही मिळालं. पुढच्या ग्रामसभेत रेशनच्या विषयावर बोलायची वेळ आली की एवढंच विचारावं: कायद्यातलं तिसरं धान्य आमच्या दुकानात कधी येणार?